शेवटच्या पाच बॉलांचा कारभार

पॉकेट बिलियर्ड्‌सच्या ज्या प्रकाराला अमेरिकेत ‘स्ट्रेट पूल’ म्हणतात आणि नियमपुस्तिकेत ज्याची नोंद ‘१४.१ कंटिन्युअस’ अशा काहीशा दफ्तरी नावाने केलेली असते, तो प्रकार आज नाइन-बॉलच्या धांदलीत मागे पडला असला, तरी खेळाडूच्या संयमाची आणि नियोजनशक्तीची खरी पारख करणारा खेळ म्हणून त्याची प्रतिष्ठा जाणकारांत अद्याप अबाधित आहे. आपल्याकडे बिलियर्ड्‌स आले ते इंग्रजी थाटाचे, जिमखान्यांतील बारा फुटी टेबलांवर आणि मार्करच्या देखरेखीखाली. आणि पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवले व मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७८च्या राष्ट्रीय स्पर्धेत ११४९ गुणांची सलग खेळी करून हौशी खेळाडूंत प्रथमच हजाराचा टप्पा ओलांडला, ते याच परंपरेत. तेव्हा दीर्घ खेळी ही वस्तू मराठी रसिकाला अपरिचित नाही. परंतु नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलेला, किंवा मुंबई-पुण्याच्या पार्लरमध्ये नऊ फुटी टेबलावर हात बसलेला आपला तरुण जेव्हा स्ट्रेट पूलकडे वळतो, तेव्हा पंधरा-वीस बॉलांपर्यंत त्याची मजल सहज जाते आणि तेथेच ती वर्षानुवर्षे अडून राहते, असे वारंवार दिसते. प्रस्तुत लेख अशा वाचकासाठी आहे. ज्याचा क्यू अजून सरळ चालत नाही, त्याने आधी एखाद्या अनुभवी खेळाडूच्या हाताखाली काही महिने काढावेत. त्याची अडचण लेख वाचून दूर होणारी नाही.

नियम थोडक्यात असे. टेबलावर पंधरा बॉल असतात. त्यांचे रंग आणि त्यांवरील आकडे यांना या खेळात काडीचे महत्त्व नाही, कोणताही बॉल कोणत्याही पॉकेटात घालावा, मात्र कोणता बॉल कोणत्या पॉकेटात जाणार हे आधी सांगावे, आणि प्रत्येक बॉलचा एक गुण घ्यावा. चौदा बॉल गेले की खेळ थांबतो, ते चौदा पुन्हा त्रिकोणात रचले जातात, शिखराची जागा तेवढी मोकळी ठेवली जाते, आणि पंधरावा बॉल व पांढरा बॉल जेथे असतील तेथेच राहतात. खेळाडूने तो पंधरावा, म्हणजे ब्रेक-बॉल, पॉकेटात घालताना पांढरा बॉल रचलेल्या बॉलांवर अशा रीतीने आदळवायचा की रॅक फुटावा आणि खेळी पुढे चालू राहावी. जेरोम किओ यांच्या नावावर १९१०च्या सुमारास जमा असलेली ही तजवीज वरकरणी क्षुल्लक वाटते. पण तत्पूर्वीच्या प्रकारात पंधराही बॉल संपले की नव्याने आरंभ करावा लागे व खेळीचा ओघ तेथेच तुटे. एक बॉल मागे ठेवण्याच्या या युक्तीने तो ओघ तात्त्विकदृष्ट्या अमर्याद झाला. खेळाचे सारे मर्म त्या एका शिल्लक बॉलात आहे, आणि दुर्दैवाने नवशिक्याचे लक्ष सर्वांत उशिरा जाते ते त्याच बॉलाकडे.

या खेळातील सर्वांत प्रसिद्ध आकडा विली मॉस्कोनींचा. फिलाडेल्फियाच्या या खेळाडूने १९ मार्च १९५४ रोजी ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथे एका प्रदर्शनीय सामन्यात ५२६ बॉल एकही न चुकता घातले, आणि उपस्थितांनी तसे प्रतिज्ञापत्र सह्यांनिशी लिहून दिले. ते टेबल आठ फुटी होते, स्पर्धेचे नऊ फुटी नव्हते, यावरून पुष्कळ वाद झाला आहे व होत राहील. मला त्या वादात फारसे तथ्य दिसत नाही, कारण टेबल लहान झाले तर बॉलांची गर्दी वाढते आणि एका हाताने मिळालेली सवलत दुसऱ्या हाताने परत घेतली जाते. पुढे २०१९ साली जॉन श्मिट यांनी कॅलिफोर्नियात ६२६ बॉल घातले आणि २०२२ साली जेसन शॉ यांनी ७१४ पर्यंत मजल नेली. हे दोन्ही पराक्रम नऊ फुटी टेबलावरचे, पण ते मुद्दाम विक्रमासाठी मांडलेल्या दीर्घ प्रयत्नांतून, दिवसचे दिवस पुन्हा पुन्हा आरंभ करून साधलेले आहेत, हे तुलना करताना विसरू नये.

आता ५२६ या संख्येचा हिशेब मांडून पाहा. सदतीस रॅक पूर्ण झाले की ५१८ होतात; म्हणजे त्या खेळीत मॉस्कोनींना सदतीस वेळा ब्रेक-बॉल घालून रॅक फोडावा लागला. आपल्यासारख्याने शंभराची आकांक्षा धरली तरी सात वेळा ते करावे लागते. पंधरावा, एकोणतिसावा, त्रेचाळिसावा, सत्तावन्नावा, एकाहत्तरावा, पंच्याऐंशीवा आणि नव्याण्णवावा हे सात बॉल ब्रेक-बॉल असतात. दुसरा हिशेब याहून बोधप्रद आहे. एखादा खेळाडू सरासरी शंभरापैकी पंच्याण्णव फटके यशस्वी करीत असेल, तर तो मित्रमंडळींत उत्तम खेळाडू म्हणून मिरवेल. परंतु सलग चौदा बॉल घालण्याची त्याची संभाव्यता निम्म्याहून किंचित कमी, पन्नास घालण्याची शेकडा आठाच्या आसपास, आणि शंभर घालण्याची शेकडा एकाहूनही कमी भरते. तोच खेळाडू शंभरापैकी नव्याण्णव फटके साधू लागला, तर शंभराची खेळी तीन प्रयत्नांत एकदा तरी व्हावी असे गणित सांगते. पंच्याण्णववरून नव्याण्णववर जाणे केवळ नेमबाजी सुधारून होत नाही, कारण नेम एका मर्यादेपलीकडे कोणाचाच सुधारत नाही. ते होते कठीण फटक्याची पाळीच येऊ न देण्याने. दीर्घ खेळी पाहणाऱ्याला कंटाळवाणी वाटली पाहिजे. एखाद्या खेळाडूचे टाळ्या मिळवणारे फटके वाढले, तर त्याच्या आधीच्या तीन-चार फटक्यांत काहीतरी बिघडले होते असे खुशाल समजावे.

म्हणून प्रथम ब्रेक-बॉलविषयी. सर्वांत भरवशाचा ब्रेक-बॉल रॅकच्या बाजूला, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीच्या पातळीवर, रॅकपासून एक-दोन बॉलांच्या अंतरावर उभा असतो, आणि त्याच बाजूच्या खालच्या कोपऱ्याच्या पॉकेटात जातो. पांढरा बॉल त्याच्या वरच्या अंगाला, टेबलाच्या मध्यरेषेकडे थोडा झुकलेला असावा, म्हणजे साधारण वीस ते तीस अंशांचा कट मिळतो. कोन याहून सरळ झाला तर बॉल पडतो, पण पांढऱ्याला बाजूला जाण्यासाठी बळ उरत नाही व रॅक जागचा हलत नाही. कोन फार तिरपा झाला तर रॅकवर आघात चांगला होतो, परंतु मूळ बॉल चुकण्याची भीती वाढते. पांढरा बॉल रॅकच्या वरच्या भागाला लागणार असेल तर थोडा स्क्रू द्यावा, म्हणजे आघातानंतर तो मागे सरून मोकळ्या मैदानात येतो. खालच्या भागाला लागणार असेल तर मध्याच्या वर मारून त्याला टॉप द्यावा, म्हणजे तो बॉलांतून वाट काढीत खालच्या कुशनवर जाऊन परत येतो. दुसऱ्या प्रकारात तो कोपऱ्याच्या पॉकेटात जाण्याचा धोका असतो, तेव्हा त्याची रेषा आधीच डोळ्यांखालून घालावी. सर्वांत वाईट परिणाम म्हणजे पांढरा बॉल फुटलेल्या रॅकला चिकटून राहणे. त्यातून सुटका बहुधा सुरक्षित फटका जाहीर करूनच होते आणि खेळी तेथे संपते. जोर किती लावावा, याविषयी सामान्य समज चुकीचा आहे. चौदाही बॉल टेबलभर उधळणे हे ध्येय मुळीच नाही. पाच-सहा बॉल सुटे व्हावेत, बाकीचे खालच्या अर्ध्यात सैल झालेले राहावेत, एवढेच पुरे, कारण वरच्या अर्ध्यात गेलेला प्रत्येक बॉल आणण्यासाठी पांढऱ्याला लांबचा प्रवास करावा लागतो आणि प्रवासात अपघात होतात.

रॅकच्या मागे, खालच्या कुशनच्या बाजूला राहिलेला ब्रेक-बॉलही चालतो. मधल्या पॉकेटाजवळचा तर काही खेळाडूंना विशेष प्रिय असतो. पण या दोन्हींत चुकीला जागा कमी आहे, आणि जोवर बाजूचा ब्रेक-बॉल दहापैकी नऊ वेळा साधत नाही तोवर त्यांच्या नादी लागू नये.

ब्रेक-बॉल चांगला मिळाला, पण पांढरा बॉल त्याच्यासमोर योग्य ठिकाणी पोचला नाही, तर सारा बंदोबस्त वाया जातो. ही जोखीम ज्याच्यावर सोपवायची तो चौदावा बॉल म्हणजे की-बॉल, आणि त्याची निवड हा या विद्येचा गाभा आहे. सामान्य खेळाडू की-बॉल मारून, कुशनवरून पांढरा फिरवून, ब्रेक-बॉलसमोर आणण्याची कसरत करतो. कधी दोन इंच पुढे जातो, कधी दोन इंच मागे राहतो, आणि दोष दैवाला देतो. विचारी खेळाडू हे करीत नाही. तो अगोदर ठरवतो की ब्रेक-बॉलसाठी पांढरा बॉल नेमका कोठे उभा हवा, आणि मग त्याच जागी किंवा तिच्या अगदी लगत जो बॉल आयताच उभा असेल त्याला की-बॉल म्हणून राखून ठेवतो. हेतू असा, की शेवटी त्या बॉलावर सरळ रेषेत यावे, स्टॉप-शॉट मारावा, की-बॉल पॉकेटात जावा आणि पांढरा बॉल आपोआप त्याच्या जागी उभा राहावा. सरळ फटक्यात आघाताच्या क्षणी पांढरा बॉल घसरत असेल, म्हणजे त्याला पुढची वा मागची फिरकी नसेल, तर तो आपली सारी गती पुढच्या बॉलाला देऊन जागीच थांबतो. या साध्या नियमापेक्षा खात्रीचे नियंत्रण बिलियर्ड्‌समध्ये दुसरे नाही. जेथे अंदाजाला वाव आहे अशी गोष्ट शेवटच्या दोन फटक्यांत ठेवूच नये, ही या खेळातील पहिली मसलत.

ओघाने प्रश्न येतो की की-बॉलवर सरळ रेषेत यायचे कसे. त्यासाठी त्याच्या आधीचा बॉल तशाच विचाराने राखावा लागतो, आणि त्याच्याही आधीचा. असा उलटा हिशेब करीत गेले की ध्यानात येते की टेबलावर पाच-सहा बॉल उरलेले असतानाच प्रत्येकाची नेमणूक झालेली असली पाहिजे: हा ब्रेक-बॉल, हा की-बॉल, हा त्याच्याकडे नेणारा, आणि हे उरलेले दोन निव्वळ वाटेतले, म्हणून प्रथम उचलायचे. तीन बॉल उरल्यावर ब्रेक-बॉलचा शोध घेणे म्हणजे मुदत उलटून गेल्यावर अर्ज घेऊन कचेरीत जाणे होय. मात्र नेमणुका झाल्या म्हणून त्यांत फेरफार करायचा नाही असेही नाही. पांढरा बॉल बेतापेक्षा हातभर लांब गेला तर जुना बेत हट्टाने पुढे न रेटता सर्व नेमणुका नव्याने कराव्यात. या वेळी खेळाडू क्षणभर टेबलापासून दूर उभा राहून चॉक लावीत विचार करतो, तेव्हा प्रेक्षकांना तो उगाच वेळ काढतो आहे असे वाटते. आयर्व्हिंग क्रेन यांची ख्याती अशा सावकाश, काटेकोर खेळासाठीच होती. त्यांनी १९६६च्या यू. एस. ओपनच्या अंतिम सामन्यात जो बाल्सिस यांच्याविरुद्ध पूर्ण १५० बॉल एकाच खेळीत घालून सामना संपवला. मॉस्कोनी उलट झपाट्याने खेळत. वेग हा स्वभावाचा प्रश्न आहे, हिशेब मात्र दोघांचाही तोच.

रॅकच्या पूर्वार्धाविषयी दोन-तीन गोष्टी सांगितल्या म्हणजे पुरे. प्रथम कुशनला चिकटलेले आणि पॉकेटांच्या वाटा अडवणारे बॉल उचलावेत, कारण एक पॉकेट मोकळे झाले की इतर चार बॉलांचे प्रश्न सुटतात. एकमेकांना चिकटलेल्या बॉलांचे झुबके फार लांबणीवर टाकू नयेत. ते फोडायचे ते दहा-बारा बॉल टेबलावर असतानाच, आणि तेही हलक्या हाताने, दुसरा एखादा बॉल पॉकेटात घालताना पांढऱ्याने नुसता धक्का देऊन. असा धक्का देण्यापूर्वी पलीकडे एक तरी बॉल असा असावा की पांढरा कोठेही थांबला तरी तो घेता येईल. हा जामीन नसेल तर झुबक्याला हात लावू नये. चिकटलेल्या दोन बॉलांची मध्यरेषा नेमकी पॉकेटाकडे जात असेल, तर ती जोडी आयती चालून आलेली आहे. मात्र पांढरा बॉल कोणत्या अंगाने लागतो त्याप्रमाणे पुढचा बॉल घर्षणाने थोडा बाजूला ओढला जातो, हे लक्षात ठेवावे. धुळकट बॉलांत ही ओढ अधिक असते.

पांढऱ्या बॉलाच्या हालचालीविषयी मात्र अधिक आग्रहाने लिहिले पाहिजे, कारण इंग्रजी बिलियर्ड्‌स व स्नूकरमधून आलेल्या आपल्या खेळाडूंची येथे विशेष गफलत होते. बारा फुटी टेबलावर पांढरा बॉल लांबवर खेळवण्याची त्यांना सवय असते आणि तीन कुशनांवरून जागेवर येण्यात त्यांना भूषण वाटते. स्ट्रेट पूलमध्ये ते भूषण महाग पडते. टेबलाची खेळण्याची जागा शंभर इंच बाय पन्नास इंच, तीवर सव्वादोन इंच व्यासाचे बॉल, आणि रॅकच्या सुरुवातीला त्यांतील बहुतेक सारे खालच्या अर्ध्यात. अशा गर्दीत पांढरा बॉल दोन हात धावला तर कोठेतरी कोणाला तरी धक्का देणारच, आणि तो धक्का बहुधा मनाशी राखून ठेवलेल्या ब्रेक-बॉललाच बसतो. म्हणून स्टॉप, स्टन आणि वीतभर पुढे सरकणारा हलका फॉलो या तीन फटक्यांवर रॅकचा बहुतेक भाग निभावला पाहिजे. बाजूची फिरकी अगदी गरजेपुरतीच वापरावी. तिच्यामुळे पांढऱ्याची वाट वाकते, पुढच्या बॉलालाही ती किंचित ढकलते, आणि नेमाचा हिशेब दुहेरी होतो. कोनाबाबत दोन दाखले पाठ असावेत: स्टनमध्ये पांढरा बॉल पुढच्या बॉलाच्या मार्गाशी काटकोनात निघतो, आणि नैसर्गिक रीतीने लोळत आलेला पांढरा, पाव बॉलपासून पाऊण बॉलपर्यंतच्या कोणत्याही आघातात, आपल्या मूळ दिशेपासून सुमारे तीस अंशांनी वळतो. एवढ्या सामग्रीवर पांढऱ्याची पुढची जागा बहुधा हातभराच्या आत सांगता येते.

साहित्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. बॉल स्वच्छ असावेत. रॅक घट्ट बसावा, कारण सैल रॅक फुटत नाही, नुसता दबतो. आणि टेबलावर त्रिकोणाची बाह्यरेषा पेन्सिलीने आखलेली असावी, म्हणजे ब्रेक-बॉल किंवा पांढरा बॉल रॅकच्या हद्दीत आहे की बाहेर, याविषयी हुज्जत राहत नाही. ही हद्दीची बाब नुसती तांत्रिक नाही. ब्रेक-बॉल हद्दीत अडकला तर तो उचलून टेबलाच्या वरच्या टोकाच्या खुणेवर ठेवावा लागतो आणि हाती आलेली उत्तम मांडणी नाहीशी होते. म्हणून शेवटचे बॉल उचलताना आपला ब्रेक-बॉल त्या रेषेला लागून आहे काय, हे दोनदा पाहावे. मुंबईच्या पावसाळ्यात कापड ओल धरते व बॉल जड चालतात. अशा दिवशी स्क्रूवर इतबार ठेवू नये आणि ब्रेक-बॉलवर नेहमीपेक्षा थोडा अधिक जोर लावावा.

सरावाचा शिरस्ता कसा असावा? बहुतेक जण रॅक फोडून एकापाठोपाठ एक बॉल घालीत बसतात आणि चुकले की पुन्हा रॅक रचतात. या पद्धतीत पहिल्या पाच बॉलांचा सराव उदंड होतो आणि शेवटच्या पाचांचा जवळजवळ होतच नाही. त्याऐवजी सरावाचा निम्मा वेळ असा घालवावा: चौदा बॉल त्रिकोणात रचावेत, ब्रेक-बॉल ठरावीक जागी ठेवावा, पांढरा बॉल हाताने समोर मांडावा, आणि फक्त तो एक फटका पुन्हा पुन्हा मारावा, दर वेळी पांढरा कोठे थांबला व किती बॉल सुटे झाले ते वहीत टिपावे, आणि पांढऱ्याची जागा थोडी थोडी बदलत न्यावी. ते जमू लागले की रॅक न रचता पाच बॉल खालच्या अर्ध्यात हाताने पसरावेत, पांढरा बॉल हवा तेथे ठेवावा, पहिला फटका मारण्यापूर्वी पाचही बॉलांचा क्रम मोठ्याने म्हणावा, आणि शेवटच्या बॉलवर ब्रेकचा कोन मिळाला तरच तो प्रयत्न यशस्वी मानावा. पाचही बॉल पडले पण क्रम बदलावा लागला, तर तोही प्रयत्न वहीत अपयशाच्या रकान्यात लिहावा. येथे नियम कडक ठेवला तरच वही उपयोगाची.

सामन्यात गुणलेखक गुण पुकारतो, त्यामुळे आकडा कानांवर पडणारच. पण एकट्याने सराव करताना बॉल मोजू नयेत, रॅक मोजावेत. चाळिसाव्या बॉलपाशी पोचलेल्या खेळाडूच्या मनात पन्नासाचा विचार शिरतो, आणि पुढच्या ब्रेक-बॉलसाठी राखायच्या जागेवरून त्याची नजर नेमकी तेव्हाच उडते. रॅक मोजणाऱ्याला आपण तिसऱ्या रॅकमध्ये आहोत एवढेच ठाऊक असते, आणि त्या रॅकचे पाच बॉल उरले की त्याच्यापुढे तेच जुने काम येते: यांतला ब्रेक-बॉल कोणता, की-बॉल कोणता, आणि त्याच्यावर सरळ रेषेत नेणारा कोणता.